सावलीची सरळ ओळ

निजामाविरुद्ध सत्याग्रह केला म्हणून हट्टा गावचे गंगाधर मास्तर तुरुंगात आले होते. मध्यंतरी हिवतापानं त्यांनी अंथरूण धरलं आणि दिवसांची मोजणी चुकली. पहारेकरी तारीख सांगत नसत.

मग मास्तरांनी अंगणात काडी रोवली. दिवसभर सरकत जाणाऱ्या सावलीच्या टोकाशी ते खडे मांडत. खड्यांची ओळ वाकडी यायची. एके दिवशी मात्र ती दोरी ताणल्यासारखी सरळ आली.

"जमीलभाई, थंडी नुकतीच सरली, म्हंजी आज एकवीस मार्च! दिवस-रात्र बराबर, तवाच सावली अशी सरळ चालती."

सोबतचा कैदी जमील विणकर म्हणाला, "माझा भाऊ आफ्रिकेत हाय, पार दक्षिणेला. तिकडं बी?"

"तिकडं बी. पण उद्यापास्नं आपला दिवस रात्रीपेक्षा मोठा, त्याचा लहान. आपल्याला उन्हाळा, त्याला हिवाळा."

बोलता बोलता मास्तर थबकले. त्यांची शिक्षा तर दहा मार्चलाच संपली होती! ते तडक जेलरकडे गेले.

"सूर्याचा हुकूम इथं चालत न्हाई," जेलर म्हणाला. "वरून कागद आला की सुटाल."

मास्तर परत येऊन भिंतीशी बसले. जमीलनं पाण्याचा लोटा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"तारीख कळली नव्हती," ते म्हणाले, "तवा बरं व्हतं."