धरलेली जागा

त्या नाटक मंडळीत एक शिस्त होती, आणि ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. तालमीला एखादा नट आला नाही तर त्याची वाक्यं दुसऱ्या कुणी वाचायची नाहीत. तो जिथे उभा राहिला असता तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि त्याचं वाक्य आलं की सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडे बघत, ते वाक्य बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गप्प राहायचं आणि मग पुढे जायचं. याला तिथे ‘जागा धरणं’ म्हणत. नवखा माणूस तालीम बघायला आला की त्याला कळेना, ही एवढी बडबडी पोरं मधूनच मुकी का होतात. मंडळीचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांचं म्हणणं असं, की जो आलेला नाही त्याची वाट बघता आली नाही, तर जो आलाय त्याचं ऐकणं तरी कसं जमणार? मास्तरांची हयात तरुण पोरांना नाटक शिकवण्यात गेली होती. त्यांच्यापुढे वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

ताई मंडळीचा कपडेपट सांभाळायची. लहानथोर, खुद्द मास्तरसुद्धा, तिला ताईच म्हणत. तरुणपणी तिनेही इथेच काम केलं होतं, धाकट्या बहिणीचं, आणि बरं केलं होतं म्हणे. पुढे लग्न झालं, संसार आला, अभिनय सुटला आणि सुईदोरा हातात राहिला. शिवण तिला कुणी शिकवली नव्हती. तिला वडिलांनी एकट्याने वाढवलं, घरात शिकवायला बाईमाणूसच नव्हतं. आईबद्दल विचारलं की वडील जरा वेळ गप्प बसत आणि मग भलत्याच विषयावर बोलू लागत, म्हणून तिने विचारणंही सोडून दिलं होतं. आपण अगदी तान्ह्या असताना आई गेली असणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

यंदा मंडळी आपल्याच जुन्या नाटकांतले निवडक प्रवेश एकत्र करून दाखवणार होती. त्यात ताईच्या त्या नाटकाचाही एक प्रवेश होता आणि धाकटीची भूमिका मिळाली होती ताईच्याच मुलीला. मुलगी नावाप्रमाणेच भिंगरी, एका जागी ठरेल तर शपथ. ताईला स्वर्ग दोन बोटं उरला होता. प्रवेश साधाच होता: घरातली माणसं जेवायच्या टेबलापाशी बसलेली आहेत, बऱ्याच काळाने धाकटी परत येते, दारात उभी राहून म्हणते, “दार उघडंच होतं, म्हणून आले.” आणि बाप मागचा सगळा राग गिळून एवढंच म्हणतो, “बस. जेवण गार होतंय.”

तालमीच्या हॉलच्या एका भिंतीवर मंडळीच्या सगळ्या नाटकांचे फोटो लावलेले होते. प्रयोग संपला की रंगमंचावरच ओळीने उभं राहून फोटो काढायचा, ही तिथली जुनी रीत. ताईच्या नाटकाच्या फोटोत ती फ्रॉक घालून खदखदून हसत होती आणि तिचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर हवेत पसरलेला होता. त्या हाताखाली एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा होती. बापाचं काम करणारा लंबू, जो खरोखरच शिडीशिवाय दिवे बदलायचा, तिला त्यावरून हमखास चिडवायचा.

“ताई, हात अजून अवघडलाय का हो?”

“गप रे. मैत्रीण यायची होती, तिची जागा धरली होती,” ताई म्हणायची. कोण मैत्रीण, हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिने तरी कुठे आठवून पाहिलं होतं.

प्रयोग जवळ आला आणि भिंगरी तापाने आडवी झाली. ताई एकटीच तालमीला गेली. कोपऱ्यात बसून कपड्यांना काजबटणं करता करता तिने पाहिलं, पोरांनी भिंगरीची जागा इतकी मन लावून धरली होती की दाराशी खरंच कुणी उभं आहे असं वाटावं. ताईला भरून आलं. आपली पोरगी नसतानाही इथे केवढी असते, या विचाराने ती दिवसभर सुखावलेली होती.

ताप उतरला, भिंगरी तालमीला आली. चेहरा अजून ओढलेला होता, पण उभी ठामपणे राहिली आणि म्हणाली, “दार उघडंच होतं, म्हणून आले.”

लंबूने लगेच बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. टेबलापाशी बसलेले सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या कानाच्या किंचित बाजूला बघत होते, आणि वाट बघत होते. तेवढं वाक्य बोलून होईल इतका वेळ गेला आणि मग लंबू म्हणाला, “बस. जेवण गार होतंय.”

“छान,” मास्तर म्हणाले. “जागा सुरेख धरलीत.”

ताईला हसू फुटलं. “अहो मास्तर, ती आली आहे! धडधडीत समोर उभी आहे.”

मास्तरांनी वळून दाराकडे पाहिलं. त्यांना जरा शोधावं लागलं. “हो का? बरं, बरं,” ते म्हणाले. “पोरांना सवय झाली असेल. जाईल हळूहळू.”

सवय गेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. मधल्या सुट्टीत चहाचे पेले फिरले तेव्हा भिंगरीच्या वाट्याचा पेला नव्हता. मागच्या नाटकात तिची जिवाभावाची झालेली मुलगी तिच्या अंगावरून जाताना थोडी बाजूला सरली, ओल्या फरशीला टाळून जावं तशी.

“चिडवत असतील गं,” परतताना ताई म्हणाली.

“चिडवताना माणूस हसतो ना आई,” भिंगरी म्हणाली. “लंबूला मी सरळ विचारलं, माझं काय चुकलं म्हणून. तो थांबला. माझं बोलणं संपेपर्यंत थांबला. आणि मग शीळ घालत निघून गेला.”

ताईचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन जेवणाची ताटं मांडायची, हा त्याचा नेम. त्या संध्याकाळी त्याने दोनच ताटं मांडली.

“भिंगरीचं?”

“अरेच्चा, हो की.” त्याने उठून तिसरं ताट आणलं. आणलं, पण ते कुणापुढे ठेवायचं हे न सुचल्यासारखा क्षणभर तसाच उभा राहिला.

“बाबा, उद्या मला तालमीला सोडशील?” भिंगरीने विचारलं.

त्याने मान वर केली. हातातला घास हातातच राहिला. चेहऱ्यावर अतिशय सौजन्य होतं, जसं परक्याचं बोलणं ऐकून घेताना असतं. तेवढा एक प्रश्न विचारून होईल इतका वेळ तो थांबला आणि मग ताईकडे वळून म्हणाला, “मीठ दे जरा.”

ताई त्याच्यावर इतकी ओरडली की तिचा आवाज चिरकला. तो बिचारा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. “अगं, पण ओरडतेस कशाला? कोण काय म्हणालं?”

सकाळी उठून तिने मास्तरांचं घर गाठलं. भिंगरीला हाताला धरून सोबत नेलं. मास्तर छत्री घेऊन बाहेर निघतच होते. “मास्तर, मला हिला या नाटकातून काढायचंय.”

“कुणाला?”

“माझ्या मुलीला. ही काय, ही.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ताई,” ते फार मायेने म्हणाले, “धाकटीच्या कामाला यंदा आपण कुणालाच घेतलेलं नाही. ती जागा मी धरूनच ठेवायची म्हणतोय, प्रयोगातसुद्धा. प्रेक्षकांना कळतं बरं का. प्रेक्षक कच्चे नसतात.” आणि बोलता बोलता त्यांनी हातातली छत्री सहज भिंगरीला टेकवून ठेवली, भिंतीला ठेवावी तशी. भिंगरीने ती घसरू नये म्हणून धरली.

त्या दिवसापासून ताईने तिला घरीच ठेवलं. नजरेआड नको आणि त्या हॉलमध्ये तर नकोच. पण प्रयोग तोंडावर आलेला, कपड्यांचा ढीग पडलेला, तेव्हा तिला स्वतःला जावंच लागलं. दुपारी ती दमून घरी आली, चपला काढल्या, चहा केला, खिडकीपाशी बसून निवांत प्याली. पेला विसळायला उठली तेव्हा तिला समोरच्या खुर्चीत भिंगरी बसलेली दिसली.

“आई,” भिंगरी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. “मी मघापासून बोलतेय.”

ताईच्या हातून पेला सुटला. तिने पोरीला कवटाळलं, केस, कपाळ, हात चाचपून पाहिले. अंग ऊबदार होतं, नाडी लागत होती. काय बोललीस, पुन्हा सांग, ती विनवू लागली आणि भिंगरी हुंदके देत सांगू लागली. पण ऐकता ऐकता ताईला जाणवलं, की आपलं लक्ष सारखं फुटलेल्या पेल्याकडे जातंय आणि ते ओढून आणायला जीव काढावा लागतोय. आपणही. आपणसुद्धा. एवढी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. आता उशीर केला तर ही पोरगी आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होईल, आणि आपण तिच्या खुर्चीवर कपडे वाळत टाकू.

प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. सकाळीच ताई हॉलमध्ये गेली आणि जुन्या कपड्यांची पेटी उघडून तिने तळातून आपला तो फ्रॉक काढला. भिंगरीला तो नीट बसेल का हे बघायला ती घेर उलटवून पाहू लागली आणि तिचा हात थांबला. घेराला हाताने तुरपाई केलेली होती, बारीक, आणि थोड्या थोड्या अंतरावर एक उलटा टाका. ही खोड तिची स्वतःची. असा उलटा टाका घालणारं दुसरं कुणी तिने पाहिलं नव्हतं. पण फ्रॉक शिवला गेला तेव्हा तिला सुई कशी धरायची हेही ठाऊक नव्हतं.

फ्रॉक हातात घेऊन ती भिंतीपाशी गेली. इतकी वर्षं तिने हे फोटो नुसते पुसले होते. आज तिने एकेक निरखून पाहिला. सगळ्यांत नाही, पण काही फोटोंत ओळीमध्ये तशी एक फट होती. कुठे एका मुलाची मान फटीकडे कललेली, कुठे एका मुलीची बोटं कुणाच्या तरी बोटांत अडकवल्यासारखी वळलेली. आणि तिच्या स्वतःच्या फोटोत तो हात. मैत्रिणीच्या गळ्यात असा हात टाकत नाहीत. आपल्यापेक्षा जरा बुटक्या, जरा वयस्कर बाईच्या खांद्यावर, तिला जवळ ओढून घेताना टाकतात. काचेत ताईला स्वतःचा चेहरा दिसला. अगदी त्या हाताखालच्या रिकाम्या जागी. तिला रडू आलं आणि ते कुणासाठी येतंय हे मात्र आठवेना.

तिने डोळे पुसले, घरी गेली आणि भिंगरीला फ्रॉक घालून घेऊन आली.

दुपारचा प्रयोग, प्रेक्षागृह भरलेलं. ताईचा नवरा पुढच्या रांगेत मोबाईल सावरून बसला होता. तो प्रवेश सुरू झाला. टेबलापाशी माणसं बसली, दिवा दारावर आला आणि भिंगरी दारात उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, तरी स्पष्ट होता. “दार उघडंच होतं, म्हणून आले.”

कुणी उत्तर दिलं नाही. सगळे थांबले. सगळं प्रेक्षागृह थांबलं, दिव्यात पडलेल्या त्या जागेकडे मन लावून बघत.

ताई विंगेतून निघाली. गळ्यात मोजायची टेप, पदराला टाचण्या लावलेल्या, तशीच ती उजेडात गेली, धरलेल्या जागेत पाऊल टाकून मुलीशेजारी उभी राहिली आणि त्या शांततेत, ती संपायच्या आत, म्हणाली, “दार उघडंच होतं, म्हणून आले.”

नाटकाच्या ऐन मध्यावर एक प्रौढ बाई टाचण्यांसकट रंगमंचावर घुसली आणि कुणी हसलं नाही. कुणी चुकचुकलंही नाही. लंबूने मान वळवली. त्याची नजर थेट भिंगरीच्या डोळ्यांत गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

“बस,” तो म्हणाला. “जेवण गार होतंय.”

टाळ्या पडल्या. प्रयोग संपल्यावर पोरांनी भिंगरीला गराडा घातला, मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी तिचा ताप कसा आहे म्हणून विचारलं. मग सगळे ओळीने उभे राहिले. नवरा मोबाईल घेऊन पुढे आला. भिंगरीने आईला ओढून शेजारी घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात टाकला, घट्ट. “आई, जाऊ नकोस हं कुठे,” ती कानाशी म्हणाली. ताईने मान हलवली. ती तेव्हा खरोखरच सुखात होती.

संध्याकाळी नवऱ्याने ताटं मांडली. दोन. बापलेक समोरासमोर बसले, प्रयोगाच्या गप्पा मारू लागले, एकमेकांना टाळ्या देऊ लागले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरीचा तो खळखळता आवाज तिने पोटभर ऐकून घेतला आणि मग विचारलं, “भूक लागली असेल ना गं?”

दोघांनी माना वर केल्या. दोघेही थांबले. तेवढा एक प्रश्न विचारून होईल इतका वेळ गेला.

“बाबा, मीठ दे ना,” भिंगरी म्हणाली.

त्याने मीठ दिलं आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. “फोटो झकास आलाय. पण हा हात असा हवेत का धरलायस?”

भिंगरीने फोटो जवळ घेतला. बोटांनी मोठा करून पाहिला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली आणि काहीतरी जिभेवर यावं तसे तिचे ओठ हलले. ताई दारातून एक पाऊल पुढे आली.

“मैत्रीण यायची होती बहुतेक,” भिंगरी म्हणाली. “तिची जागा धरली असेल.”