बुक्क्याची वाटी

मनगटाचं बटण काही केल्या काजात जाईना. चैत्रातल्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि बोटं वेलची केळ्यांसारखी सुजलेली. प्रल्हादने दातांनी ओढून पाहिलं. शेवटी बायकोने, शकूने त्याचा हात धरला आणि बटण लावून दिलं.

"मलमाचा वास येतोय का गं? डांबरासारखा?"

"थोडा. वरून अत्तर लावा."

"म्हणजे डांबर आणि अत्तर. वरातीतल्या रस्त्यासारखा."

शकू हसली. तो हसला नाही.

सांडोरच्या राममंदिरात आज संध्याकाळी उत्सवाचं शेवटचं कीर्तन होतं. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा मान दरवर्षी नव्या कुणाला मिळे. बुक्क्याची वाटी मात्र बावीस वर्षं प्रल्हादच्याच हाती. आधी बुवा, मग पेटी-तबलेवाले, मग ओळीने सगळं गाव. डोळे मिटून वर केलेली इतकी कपाळं त्याने पाहिली होती की, आठ्यांवरून तो माणूस ओळखी.

सहा वर्षांपूर्वी कोपरांवर पापुद्रे धरले, ते हातांवर उतरले, मग सांधे सुजले. वसईचे डॉक्टर म्हणाले, दुखणं एकच आहे, सोरायसिस. आणि त्याची लागण होत नाही. दर खेपेला ते बोटं दाबून विचारत, "दुखणं कमी आहे ना? मग छान." प्रल्हाद मान डोलवी. दुखणं सोसता येत होतं. पण न्हाव्याने त्याच्यापुरता वेगळा टॉवेल ठेवला होता. सकाळी चादरीवरचा कोंडा तो तोंड धुऊन येईपर्यंत शकू झाडून टाकी. याला कुठली गोळी? गावात त्याने एवढंच सांगितलं होतं, वात आहे. वात म्हटला की लोक हळहळतात, तेल सुचवतात.

देवळाच्या पायरीवर उत्सव मंडळाचा चिटणीस सिद्धेश भेटला.

"काका, आज बुक्का प्रितेश लावेल. तुमचा वात वाढलाय ना! एवढ्या लोकांपुढे वाकायचं म्हणजे... तुम्ही आपलं निवांत ऐका."

"वाढलाय असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच तर म्हणता." सिद्धेश त्याच्या हातांकडे न बघण्याची काळजी घेत होता. "काळजीपोटीच बोलतोय हो."

खरं काय ते तो बोलला असता, तर निदान भांडता आलं असतं.

"वाटी माझ्याकडेच राहील," एवढं म्हणून प्रल्हाद आत गेला.

पूर्वरंग संपला. बुवांनी मान झुकवून टिळा घेतला, साथीदारांनीही घेतला. पहिल्या ओळीतून मात्र हात पुढे आले.

"हातावरच द्या काका, वाकू नका."

"उगाच त्रास कशाला तुम्हाला?"

शाळेतल्या विनिताबाईंनी तर पर्समधून कागदाचा कपटा काढला. "घरी नेते," त्या गोड हसून म्हणाल्या. सगळेच गोड बोलत होते. तिसऱ्या ओळीला त्याची चिमूट आपणहून कपाळ सोडून तळहातांच्या उंचीला उतरली.

खांबाला टेकून भाजीवाली भागूबाई बसली होती. डोळे मिटलेले, कपाळ वर.

"हात पुढे कर, वहिनी."

"हातावर कशाला? माझं कपाळ कुठं गेलंय?"

"वात आहे गं. वाकवत नाही."

भागूबाईने डोळे उघडले. "कोनाला सांगतोस? उकाड्यात बाह्या खाली ओढायला लावतो, तो कसला रे वात? लाव मुकाट."

तिने त्याचं मनगट धरून खाली ओढलं. बटण सुटलं, बाही कोपराकडे सरकली. सुजलेलं बोट तिच्या कपाळाला टेकलं आणि टिळा उमटला. त्या काळ्या बुक्क्यात एक पांढरा पापुद्रा चिकटून राहिला होता.

"थांब, जरा पुसतो..."

"बस खाली. बुवा उभे राह्यले."

उत्तररंगात गुहकाची नाव होती. रामाचे पाय धुतल्याशिवाय नावाडी त्याला नावेत घेत नाही, ही कथा म्हणजे प्रल्हादचा जीव की प्राण. आज त्यातलं अक्षरही त्याच्या कानात शिरलं नाही. बाही तशीच वर राहिली होती. तो खांबाकडे बघत होता.

भागूबाईने दोनदा पदराने घाम टिपला. गाल पुसले, मान पुसली, आणि दोन्ही वेळा कपाळापाशी आलेला पदर तिने तसाच खाली घेतला.