दोन नवसांची कोंबडी

मी रमिलाबाईची काळी कोंबडी बोलतेय. जरा भरभर बोलते, रागावू नका. माझे पाय सुतळीनं बांधलेत आणि माझ्या आधी आता दोन भोपळे आणि वांग्यांची एक पाटी तेवढी उरलीय. मिशनच्या शाळेत आज कापणीचा सण आहे. देवापुढं आणलेलं सगळं उपासनेनंतर लिलावात जातं. भोपळा घरी नेल्यावर त्याचं काय होतं, हे तुम्हांला सांगायला नको.

मी जन्माचीच भित्री. पान हललं तरी माझी मान वर. धानोऱ्याच्या बाजारात मी टोपलीत बसले होते, तेव्हा जो येई तो मला उचलून हातात तोलून बघे, आणि दर खेपेला माझा अर्धा जीव जाई. मग एका बाईनं उचललं. तिनं तोललं नाही. माझी पिसं फुंकून पाहिली आणि म्हणाली, "काळी कुळकुळीत शे माय! हाईच दे." ती रमिलाबाई. सोबत तिचा नवरा वीरसिंग होता. भिलाटीतलं जोडपं, दुसऱ्याच्या शेतावर राबणारं, चार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. रमिलाबाई मूठमूठ ज्वारी टाकायची, मी अंडी द्यायची, कधी नाही द्यायची, कोणी बोलत नव्हतं. मग महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात तिला ताप आला आणि तापातच अंगावरून वारं गेलं. उजवा हात लोंबायला लागला, उजवा पाय फरफटायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाय थोडाफार सुधारेल, हाताचं काही सांगता येत नाही.

वीरसिंग घाबरला. घाबरलेला जीव काय करील याचा नेम नसतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेचे प्रेमचंद मास्तर घरी प्रार्थनेला आले होते. त्यांचं आमेन होतंय न होतंय तोच हा मोठ्यानं बोलून गेला, "देवा, हिना हात चांगला व्हऊ दे, कापनीना सनले काळी कोंबडी देसू!" मी कुडाशी दाणे टिपत होते. दाणा घशातच अडकला.

आठ दिवसांनी त्यानं मला काखेत मारलं आणि बायकोला न सांगता टेकाडापलीकडच्या जालमसिंग भगताकडे गेला. जालमसिंगनं माझ्या छातीचं हाड चाचपलं. "नवस बोल," तो म्हणाला. "फळना का लई ये." आणि वीरसिंगनं तिथंही माझाच नवस बोलला! घरात तांबडी कोंबडी होती, पण ती रोज अंडं द्यायची. मोठा हुशार गडी! कोंबडी एक, दारं दोन, आणि दोन्ही दारांत सुरी.

पण माझ्या एवढ्याशा डोक्यात एक गोष्ट आली. दोन्ही नवस हात बरा झाल्यावर फेडायचे होते. हात लुळा आहे तोवर माझी मान शाबूत!

तेव्हापासून रोज उजाडलं की मी आधी रमिलाबाईच्या बोटांकडे बघायची. करंगळी हलल्यासारखी वाटली की माझं दाणापाणी तुटायचं. जिनं मला पोटच्या लेकरासारखं वाढवलं, तिचा हात लुळाच राहावा म्हणून मी देवाला विनवत होते. सांगायची लाज वाटते. पण भीतीला कुठली आलीय लाज?

भीती तिलाही होती. डाव्या हातानं थापलेली भाकरी तव्यावर टाकताना तुटायची. वीरसिंग तुकडे मुकाट्यानं खायचा, आणि त्याचं ते मुकं खाणंच तिला खायला उठायचं. तो शेतावर गेला की ती माझ्याशीच बोलायची. "आते पाय बी गया तं व? यानी माले टाकी दिधं तं?" मग डोळे मिटून म्हणायची, "देवा, हात दे. हात दे. हात दे." तेच ते, दिवसभर. मी दूर जाऊन बसायची.

भादव्यातल्या एका दुपारी ती अंगणात पडली. मडक्यातलं पाणी घ्यायला गेली, पाय घसरला, आणि उजव्या अंगावर अशी आदळली की उठता येईना. भिलाटी सगळी निंदणीला गेलेली. तिनं हाका मारल्या, कोणी आलं नाही. आणि तेवढ्यात वर घार फिरायला लागली. मी कुठं जाणार? अंगणात आडोसा म्हणून नव्हता. पडल्या पडल्या तिचा लुळा हात जरासा वाकडा झाला होता, त्याच्या खाली मी शिरले.

तिचं सगळं अंग थरथरत होतं, माझं तर विचारूच नका. ती रडत रडत "हात दे" म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "देवा, नही उठाडस तं नको उठाडू. पन जाऊ नको. आठेच बठ मन्हा जोडे." एवढंच. त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. थरथर हळूहळू थांबली. घार गेली तरी मी तिथून निघाले नाही. खरं सांगते, त्या मेल्या हाताखाली मला पहिल्यांदा झोप लागली.

दिवस कलताना वीरसिंग आला, तर बायको चिखलात पडलेली आणि चेहरा शांत. तो घाबरून रडायलाच लागला. रडता रडता भगताकडेही मलाच कबूल केल्याचं बोलून गेला. मला वाटलं, आता भांडण होणार. रमिलाबाई हसली. "एकच कोंबडी दोन्हीसले! तुम्ही भ्यायनात. मी बी भ्यायनू. आते पुरे."

आणि पुढचं वाक्य थेट माझ्या मानेवर आलं. ती म्हणाली, "कोंबडी सनले दी टाकू."

"हात तं तसाच शे!" वीरसिंग म्हणाला. "आते दी टाकी, मंग बरी व्हयनी तवय काय देशी?"

"काहीच नही. देवनासंगे काय बाजार शे का?"

घ्या! ती बरी होईल म्हणून मी भीत होते, आणि ती बरी न होताच सुखी झाली. माझा सगळा हिशेबच बुडाला. वीरसिंग जालमसिंगला नवस मागं घेतल्याचं सांगून आला. जालमसिंग रागावला नाही, नुसता गप्प बसला. त्या गप्प बसण्यानं वीरसिंगची आठ दिवस झोप उडाली.

थांबा. वांग्यांची पाटी गेली. मास्तर माझ्याकडेच बघतायत.

"रमिलाबाई, ही कोंबडी कशाबद्दल?" बोलीआधी हे विचारून वहीत लिहायची रीतच आहे. लोक माना उंचावून तिचा हात बघतायत. हात लोंबतोच आहे. बायकांत कुजबुज चाललीय. वीरसिंग पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसलाय.

रमिलाबाई भिंतीला धरून उभी राहिली. "मास्तर, हात चांगला नही व्हयना. त्यानाबद्दल नही. मी पडेल व्हतू तवय देव मन्हा जोडे बठना, त्यानाबद्दल."

मास्तरांची लेखणी वहीवर तशीच थांबली. मग वीरसिंग उठला. तो बायकांच्या बाजूला आला, तिच्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "लिखा मास्तर. दोन्हीसना नावे लिखा."

आता माझी बोली लागेल. मला भीती वाटतेय. तिच्यासारखं "पुरे" म्हणायला मला अजून जमत नाही, मी साधी कोंबडी. तुम्हांला मात्र एक विनवते. देवाला द्यायचं तर सरळ देऊन टाका. 'झालं तर देईन' म्हणून कुणा मुक्या जिवाला महिनोन्महिने टांगून ठेवू नका.

रमिलाबाईनं मला उचललंय. तिचे डोळे भरलेत, पण छाती संथ चाललीय. बोली संपेपर्यंत मी तिथंच डोकं टेकून बसते.