गळक्या बाहुलीची टाळू

मी एक जुनी रबरी बाहुली आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका मित्रांनो, ते मुद्दाम पाडलेलं आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तापवलेल्या सुईने ते पाडलं. मग माझं डोकं वरून कापलं आणि तिथे टाळू म्हणून ओलं फडकं अंथरलं.

तान्ह्या बाळांच्या आयांसमोर त्या मला काठोकाठ भरत. खालून पाणी गळू लागलं, की फडकं आत खचे. "जुलाबात बाळाचं हेच होतं," त्या सांगत. आयांबरोबर मोठी भावंडंही येत. पण मला कोणी कधी खेळायला मागितलं नाही. गळकी बाहुली कोणाला हवी?

एका सकाळी सासू-सून आल्या. सुनेच्या मांडीवरची मुलगी मलूल होती. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. डॉक्टरांनी तिला तपासलं. नर्सबाईंनी विचारलं, "पाणी किती पाजलंत?"

"थेंबसुद्धा नाही," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "पाजलं की लगेच खालून जातं. कशाला पाजायचं?"

नर्सबाई रागावल्या नाहीत. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात त्यांनी जलसंजीवनीची पुडी कालवली आणि सुनेला म्हणाल्या, "चमच्याचमच्याने पाजत राहा. अंगावरचं दूधही तोडू नकोस." मग मला भरून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पटकन माझ्या भोकावर बोट दाबलं.

"नातीला असं बूच लावणार का, आजी?"

त्यांनी बोट काढलं. माझी टाळू खचली. त्यांनी नातीच्या टाळूवर हात ठेवला मात्र, त्यांचं अवसानच गळालं.

"अगं बाई, हिचीपण आत गेलीय! दे तिला माझ्या मांडीवर, आण तो चमचा इकडे."

दुपारपर्यंत तो चमचा थांबला नाही. मग आजीची मांडी भिजली.

"मुतली गं माझी चिमणी! पाणी अंगी लागलं!" आजी ओरडल्या. सगळे हसले, रडले. मी बाकाखाली उपडी पडले होते, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता नर्सबाई निवृत्त झाल्या. दवाखान्यात आता भिंतीवरच्या पडद्यावर हलती चित्रं दाखवतात. मी कपाटात कोरडी पडून असते. फार एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू?

पण मला बाहेर काढा, असं मी म्हणणार नाही. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा. जुलाब लागले तर बाळाचं पाणी तोडू नका. मी रिकामी राहिले तर कोणाचं काही बिघडत नाही, मित्रांनो. बाळाला मात्र रिकामं ठेवू नका.