दोन पोथ्यांच्या मधली सहाण

मित्रांनो, मधुसूदनाचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. बायको गेली म्हणून माणसानं रडावं, जेवण टाकावं, कुणावर तरी खेकसावं, सगळं समजू शकते. पण वेदान्त सांगावा? घरात धड वरण उकळत नाही आणि हे म्हणतात, "कोण गेलं? आत्मा कुठं जातो का?"

मी या घरातली जुनी सहाण आहे. हल्लीच्या मुलांना सहाण ठाऊक नसते, म्हणून सांगते. मी एक गोल दगड. माझ्यावर पाण्याचा थेंब टाकून चंदनाचं खोड गोल गोल फिरवलं, की देवासाठी गंध तयार होतं. पाथरवटानं मला भंडाऱ्याकडच्या दगडातून घडवलं आणि मधुसूदनाच्या आईनं नागपूरच्या बाजारातून घासाघीस करून आणलं. पाळण्यातला मधू मी पाहिलेला आहे, तेव्हा त्याच्या पांढऱ्या केसांचं मला काही कौतुक नाही.

कौतुक आहे ते त्याच्या वाचनाचं. नागपुरातल्या सदर भागातल्या कचेरीतली कारकुनी संपली, तसा तो रोज सकाळी पूजेनंतर पोथी उघडू लागला. समोर बसायचा त्याचा मित्र मारोतराव, जरीपटका भागात ज्याचं कापडाचं दुकान होतं तो. मारोतरावाची पोथी साधनेची: नीट बसा, श्वास सांभाळा, मनाला वळण लावा, रोज, न चुकता. मधुसूदनाची पोथी ज्ञानाची: तू मुळातच मोकळा आहेस, तुझ्याहून वेगळं काही नाहीच, मग धडपड कशाला? मला अक्षर वाचता येत नाही. पण दोघं मोठ्यानं वाचत, आणि दगडालाही कान असतात.

"तुह्या पोथीत घर बांधाच्या आधीच वास्तुशांतीचं जेवन हाय गा!" मारोतराव म्हणायचा.

"आणि तुझ्यात नुसत्या विटा रचून राहिले. राहायला कुणी जातच नाही," मधुसूदन म्हणायचा.

त्याची बायको प्रेमिला माझ्यावर गंध उगाळत असायची. ती मान वर न करता म्हणायची, "दोन्ही घरांत पाणी कोण भरतं, ते पाहा आधी. चला, कपाळ पुढे करा."

मग दोघं पानाला पान लावून बघायचे. एक दिवस साधनेच्या पोथीच्या शेवटीही तेच निघालं: मन थांबलं की उरतो तो नुसता पाहणारा. आणि ज्ञानाच्या पोथीनं सुरुवातीलाच बजावलेलं: ज्याचं मन शांत नाही, त्यानं माझ्याकडे येऊ नये. त्या दिवशी मधुसूदन हसून म्हणाला, "मारोती, तुझं खरं रे." आणि मारोतरावानं त्याची पोथी कपाळाला लावली. वाचावं तर असं. दुसऱ्याचं खरं निघालं, तरी एकाचंही तोंड वाकडं झालं नाही. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत.

पण प्रेमिला गेली आणि मधुसूदनानं देवघराकडे पाठ फिरवली. "देव आणि मी एकच, मग गंध कुणी कुणाला लावायचं?" त्याची सून मुग्धा गुणाची पोर. तिनं तयार गंधाची डबी आणून ठेवली, ती तशीच राहिली. मी फळीखाली धूळ खात पडले. ताटातली पोळी ताटातच राहायची. डोळ्यांतून टिपूस नाही. मारोतराव आला, तर त्यालाही म्हणाला, "तू जा. तुझा जप तुझ्या घरी कर."

मारोतराव गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही. मुग्धा घाबरली. मिहानमधल्या कंपनीत कामावर निघता निघता तिनं फोन लावला. "काका, बाबा काही खाऊन नाही राहिले. कुणाशी बोलत नाहीत. तुम्ही या."

मारोतराव आला तो पोथीशिवाय. त्यानं मला फळीखालून काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं, आणि वर अख्खी लोटी ओतली की हो! खोड असं रेटलं की गंध कसलं, ताकच झालं. ते त्यानं स्वतःच्याच कपाळाला फासलं, तर ओघळ नाकावरून मिशीत.

खुर्चीतून मधुसूदन ओरडला, "अरे काय करून राहिला! इतकं पाणी घेतात काय? ती थेंब थेंब घ्यायची!"

"कोन ती?" मारोतरावानं विचारलं.

मधुसूदनानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तूच तं म्हनत होता, कोनी गेलंच नाही म्हून. मंग ती कोन?"

मधुसूदन उठला. त्यानं मित्राच्या हातातून खोड घेतलं. मित्रांनो, जन्मभर गंध आयतं लावून घेतलेला हा माणूस. त्यानं पहिल्यांदा माझ्यावर हात ठेवला. बोटं खरचटली. पण प्रेमिलाचा हात कसा फिरायचा, ते त्यानं नीट पाहिलेलं होतं. हळूहळू दाट गंध जमलं, वास दरवळला, आणि त्याचा हात थांबला.

"प्रेमिला गेली रे, मारोती," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला. मारोतराव तसाच बसून राहिला, ओल्या मिशीनं, मित्राच्या पाठीवर हात ठेवून.

त्या दुपारी मधुसूदन दोन पोळ्या जेवला.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपा, हे तर मी सांगणारच. पण घरात जो हात तुम्हाला रोज आयतं देतो, त्याचं काम एकदा तरी स्वतः करून बघा. तो हात आहे तोवर.

आणि मधू, तुला तोंडावर सांगते, ऐकू येवो न येवो: पोथी खरीच होती रे, लबाड तू होतास, तिच्याआड दुःख लपवत होतास. आज रडलास ना? मग आज कुठं खरी वाचलीस ती.