सांधेफोड

हौशी सुतारांच्या त्या प्रदर्शनाला घरघर लागली होती, हे ड्रायव्हरला कळत होतं, पण वळत नव्हतं. पूर्वी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पोस्टातले, बँकेतले, जन्मात कधी खिळा न ठोकलेले लोक यायचे आणि जाताना एखादी पटाशी घेऊनच जायचे. घरी बायकोने "हे आणि कशाला?" म्हणून विचारलं की तोंड लपवायचे. आता निम्मे गाळे रिकामे. तरुण मंडळी येत, हत्यार हातात घेऊन उलटंपालटं करत, तेच फोनवर कुठे स्वस्त मिळतं ते बघत आणि चालू पडत. मेल्यांना लाज म्हणून नाही!

ड्रायव्हरने अख्खी हयात बस हाकली होती. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्याला माणसांत आणलं ते या लाकडाच्या भुशाने. वर्षभर तो मागच्या खोलीत ठोकाठोक करायचा ती या शनिवार-रविवारच्या आशेवर. हॉलवाल्याने यंदा तोंडावर सांगून टाकलं, की खुर्च्या भरल्या तर पुढच्या वर्षी हॉल मिळेल, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. 

खुर्च्या भरणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे सांधेफोड. बस उचलायचा जुना जॅक लोखंडी चौकटीत बसवून आणि वर दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ लावून ड्रायव्हरनेच ते यंत्र केलं होतं. ज्याने त्याने घरून लाकडाचा सांधा करून आणायचा, एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत ठोकून सरसाने चिकटवलेला. तो चौकटीत अडकवून जॅकने दाब द्यायचा. सांधा करणाऱ्याने पुढे आडोशाला लावलेल्या जाळीला कान लावून उभं राहायचं आणि लाकूड पहिल्यांदा करकरलं की ओरडायचं, "बोलला!" काटा कुठवर गेला ते बघायचं, मग सगळ्यांनी मागे सरून सांधा फोडायचा. घाईने ओरडणारा भित्रा ठरायचा. ज्याचा सांधा सगळ्यांत उशिरा बोले, तो वर्षभर मिशांना पीळ देत फिरायचा.

मिशांना पीळ देणारे बहुतेक दोघेच. एक ड्रायव्हर आणि दुसरा त्याचा साडू, गुराढोरांचा डॉक्टर. बायका सख्ख्या बहिणी, हे सख्खे वैरी, आणि एकाला दुसऱ्यावाचून करमायचं नाही.

शनिवारी दुपारी खेळ सुरू झाला तेव्हा खुर्च्या निम्म्याही भरल्या नव्हत्या. पहिल्या रांगेतली एक मुलगी कुरकुरली, की या जाळीतून फोनवर काहीच नीट दिसत नाही. तिच्या मागचे दोघे उठून जायला निघाले. ड्रायव्हरने पाना घेतला आणि स्वतःच्या हाताने जाळी काढून भिंतीला टेकवली. उठलेले दोघे परत बसले.

"आता माझा घाला," डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाला. "आणि साडूभाऊ, हात आखडता घेऊ नका."

त्याचा सांधा बाभळीचा होता, उन्हाळेच्या उन्हाळे खाऊन हाडासारखा वाळलेला. जाळी नव्हती म्हणून डॉक्टरने कान थेट लाकडाशी नेला. ड्रायव्हर जॅकचा दांडा मारू लागला. सांधा बोलेना. काटा गेल्या वर्षीच्या खुणेपलीकडे गेला, तरी बोलेना. मागचे लोक खुर्च्यांवर चढले, दारातून जाणारे आत शिरले. इतकं वाळलेलं लाकूड करकरत नाही, एकदम फुटतं, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. थांबायला हवं, असं ड्रायव्हरचे हात त्याला सांगत होते. पण हॉल भरत चालला होता हो! त्याने आणखी एकदा दांडा दाबला.

बार उडावा तसा आवाज झाला. सांध्याचा अर्धा भाग छताला जाऊन आदळला आणि बोटभर लांबीची एक कपची डॉक्टरच्या डोळ्यात खोल घुसली. तो ओरडला नाही. खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. पहिल्या रांगेतली मुलगी किंचाळत होती, पण तिचा फोन खाली आला नव्हता.

"काटा कुठवर गेला?" डॉक्टरने विचारलं, आणि तो कुशीवर कलंडला.

डोळा काढावा लागला. दवाखान्याच्या बोळात मेहुणीने सगळ्यांदेखत ड्रायव्हरच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या, तिसरी मारताना तिचा हातच गळून गेला. त्याची स्वतःची बायको बाजूला उभी होती. ती मध्ये पडली नाही.

सकाळी ड्रायव्हर दवाखान्यातच होता, तेव्हा हॉलवाल्याचा फोन आला. चित्रफीत रातोरात घरोघर पोचली होती आणि फाटकाबाहेर रांग लागली होती. लोक विचारत होते, यंत्र किती वाजता सुरू होणार. ड्रायव्हरने फोन ठेवला. पट्ट्यांत गुंडाळलेल्या डॉक्टरने कॉटवरून सगळं ऐकलं होतं.

"भरला ना हॉल?" तो म्हणाला. "मग जा आणि चालवा. डोळा गेला तो गेला, फुकट जाऊ देऊ नका."

ड्रायव्हरच्या मनात आलं, याचा गळा धरावा; आणि मनात आलं, याच्या पायावर डोकं ठेवावं. दोन्हींपैकी काही न करता तो बाहेर पडला आणि घरी जाऊन घण घेऊन आला.

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रक्ताचा डाग कोणी पुसला नव्हता आणि लोक त्याच्याशेजारी बसून फोटो काढत होते. ड्रायव्हर वाट काढत यंत्रापाशी गेला आणि घण घातला. काटा पहिल्याच घावात फुटला. पुढच्या घावांनी चौकट वाकली, जॅक फाटला आणि तेलाची चिळकांडी समोरच्यांच्या अंगावर उडाली. फोन पुढे करून एक पोरगा अगदी जवळ आला, त्याची गचांडी धरून ड्रायव्हरने त्याला खुर्च्यांवर भिरकावला. काचेने त्याचा स्वतःचा तळहात फाटला, घणाचा दांडा रक्ताने निसटायला लागला, तरी तो मारत राहिला. बघा रे, बघा, काय बघायचंय ते बघा!

आणि लोक बघत होते. टाळ्या कडाडत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. हॉलवाला गर्दीतून कसाबसा त्याच्या कानाशी आला आणि म्हणाला, की पुढच्या वर्षी मोठा हॉल देतो, पण हे असंच चालू ठेवा.

यंत्रात फोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ड्रायव्हर धापा टाकत थांबला. टाळ्या ओसरू लागल्या. मागचे लोक दाराकडे वळले. कित्येक वर्षांनी एवढा भरलेला हॉल त्याच्या डोळ्यांदेखत रिकामा व्हायला लागला, आणि ते त्याला सोसवेना. शेजारच्या लांब टेबलावर हौशांनी वर्षभर खपून केलेली कामं मांडली होती, वाडगे, डबे, एक डुलता घोडा. तो तिकडे वळला. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी आपण केलेली दागिन्यांची पेटी पोटाशी धरली आणि "अहो, नको" म्हणत त्या मागे सरल्या.

त्याने घण उचलला. दारात गेलेले लोक परत फिरले.