चार भिंतींतलं रडणं

पेर्नेलला आणि तिच्या बाळाला एकाच खड्ड्यात ठेवून माती लोटली. लोक अजून चर्चच्या आवारातच रेंगाळत होते, तोच तिचा भाऊ तुस्तँ याने तिच्या नवऱ्याला, ओदारला बाजूला ओढलं.

"दाजी, एक विचारायचं होतं. पोर रडलं होतं का?"

ओदारने ऐकलंच नाही असं दाखवलं. त्याला ते सोपं होतं. एका किल्ल्याच्या वेढ्यात शिरस्त्राणावर गदा बसली, तेव्हापासून डावा कान मेला होता आणि उजवा कधी जागा, कधी झोपलेला. राजाच्या लढायांत त्याने उमर काढली होती. स्वतःची म्हणावी अशी जमीन वीतभरही नाही. घोडा, चिलखत आणि घराण्याचं नाव, एवढीच कमाई. राहत होता ती गढी, ओढ्यावरची गिरणी, सफरचंदांची बाग, सगळं पेर्नेलने माहेरून आणलेलं.

तुस्तँने उजव्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं.

"माबील म्हणते, रडलं," ओदार म्हणाला.

"सुईणीच्या शब्दावर न्यायसभेत कोंबडीसुद्धा मिळत नाही. पुरुषाने ऐकायला हवं. मी खाली बसलो होतो, मला काही ऐकू आलं नाही. दाराशी तुम्ही होतात. संताच्या हाडावर हात ठेवून सांगा म्हणजे झालं."

नॉर्मंडीत रिवाजच तसा आहे. बायको गेली की तिची जमीन तिच्या माहेरी परत जाते. पण तिला मूल झालं आणि त्याचं रडणं चार भिंतींच्या आत कुणा पुरुषाने ऐकलं, तर मूल पुढच्या क्षणी गेलं तरी जमीन नवऱ्याकडे राहते. त्याने दुसरं लग्न केलं नाही तोवर.

घरी आल्यावर ओदारच्या आईने, एमेलीनने, त्याला विचार करायलाही उसंत दिली नाही.

"त्यात कपाळाला आठ्या कसल्या? ऐकलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"मी नाही ऐकलं, आई."

"तुला तर मीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून मी मुकी झाले का?"

खरंच, नेमकं तेच त्याला सलत होतं. तो दाराबाहेर भिंतीला कपाळ टेकून उभा होता. पेर्नेलच्या किंकाळ्या त्याने ऐकल्या. मग काहीच नाही. ते काहीच नाही बाळाचं होतं की त्याच्या कानाचं, हे त्याला कळत नव्हतं.

त्याने हुकमावरून गावं जाळली होती. धान्याची कोठारं पेटताना आतली माणसं ओरडायची, तेव्हा दोन्ही कान शाबूत होते. त्याबद्दल पाद्र्याने माफी दिली होती. पण शब्द मात्र त्याने कधी मोडला नव्हता. एकदा शत्रूने पकडून नुसत्या शब्दावर सोडलं, तर ठरल्या दिवशी हा परत कैदेत हजर. सोबती हसले होते. संताच्या हाडावर हात ठेवून खोटं बोललं की नरक, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि ऐकलं नाही म्हणावं, तर? जमीन गेली तर गेली. पण मग पोर मेलेलंच जन्मलं असं ठरणार, माबीलने घाईने डोक्यावर ओतलेलं बाप्तिस्म्याचं पाणी फुकट जाणार, आणि पाद्री त्याला आईच्या कुशीतून उकरून चर्चच्या पवित्र आवाराच्या भिंतीपलीकडे टाकणार. तिथे फाशी गेलेल्यांना पुरतात. तिथे गावची डुकरं माती उकरतात.

तो माबीलच्या झोपडीत गेला. तिचा नवरा ओदारच्या तुकडीत तिरंदाज होता. परत आला नाही. ती चुलीपुढे कांदे सोलत बसली होती.

"खरं सांग. रडलं का?"

"मांजराच्या पिल्लासारखं. एकदा."

"नक्की?"

"सरकार, माझा हात त्याच्या छातीवर होता, डोळे बाईसाहेबांच्या रक्ताकडे होते. मी पाणी ओतलं. आता मला किती पिळणार?"

तो म्हणाला, "मी शपथ घेतो. पण जमिनीसाठी घेतली असं वर देवाघरी कुणी म्हणायला नको. ती सुटायला हवी, आणि दुसरं लग्न केलं की ती सुटते. तू माझ्याशी लग्न करशील?"

माबीलच्या हातातला कांदा राखेत पडला. "डोकं फिरलं का तुमचं? कुणी सरदाराची पोर बघा."

"सरदार मुलगी देईपर्यंत वर्ष जाईल. वर्षभर मी त्या जमिनीचं खाईन. मग कोण मानेल?"

"आणि मला काय मिळणार? बहिरा म्हातारा?"

"मी लढाईवर निघून जाईन. तुला नुसतं नाव."

"नाव उकडून खाता येत नाही," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

न्यायसभा चर्चच्या दारातच भरली. संताचं हाड पेटीतून बाहेर आणलं. ओदारने हात ठेवला.

"मी दाराशी होतो. माझं मूल रडलं. मी ऐकलं."

"खोटारडा!" तुस्तँ ओरडला. "याला गाढव ओरडलेलं ऐकू येत नाही!"

न्यायसभा चालवणाऱ्या कारभाऱ्याने निकाल दिला: रडणं सिद्ध, मूल ख्रिस्ती, जमीन विधुराकडे. एमेलीनने छातीवर क्रूसाची खूण केली.

ओदारने तिथेच माबीलचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हिला मी बायको केली." ती म्हणाली, "याला मी नवरा केला." दोघं हातात हात धरून असं बोलले की लग्न झालंच, ते पाद्रीही मोडू शकत नाही.

आधी कुणीतरी हसलं. मग तुस्तँच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा रागाने लाल होता, त्यावर आनंद धड बसेना.

"सुईणीशी, दाजी? माझ्या बहिणीची माती अजून ओली आहे."

"गढी तुझी झाली. तिची माती हलवू नकोस."

एमेलीन मुलाजवळ आली. तिने आवाज चढवला नाही, म्हणून त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.

"एका मेलेल्या पोराला जागा दिलीस. आता जिवंत आईला जोगिणींच्या मठात तुकडे मोडायला पाठव." मग ती एकटीच उतरण उतरत गेली. त्याने हाक मारली, तिने ऐकलं नाही.

ओदार घोड्यावर खोगीर चढवत होता, तेव्हा माबील भाकरीचं गाठोडं घेऊन आली.

"मला काही ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग लग्नाला हो का म्हणालीस?"

तिने त्याच्या डाव्या बाजूला जाऊन गाठोडं खोगिराला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"मलाही नीट ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली.

ती त्याच्या मेल्या कानाच्या बाजूला उभी होती. त्याने विचारलं, "काय?" माबीलने काही नाही अशी मान हलवली आणि घोड्याच्या मानेवर थाप मारली.